मदत हवी आहे : व्हॅनमधला काच धुण्याचा पंप दुपारी दम सोडतो

नमस्कार मंडळी. वर्धा रोडवरच्या इमारतींच्या काचा धुवायचं काम करतो. व्हॅनमध्ये ५०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणि लांब दांड्याचा ब्रश. बोअरचं पाणी काचेवर पांढरे डाग ठेवतं, म्हणून आरओचंच भरतो.

सकाळी धार मस्त असते. बारानंतर पंप चालू-बंद, चालू-बंद होतो, आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी नुसतं ठिबकतं. जाळी साफ केली, बॅटरी नवीन आहे. काल मीटर लावला: पंप चालताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पण पंपाच्या टोकांवर जेमतेम १०.७. वायर बारीक आहे, त्यामुळे मला तिच्यावरच संशय आहे. पण टाकीकडून येणारा पाइपही उन्हात मऊ पडून चपटा होतो आणि त्यात बुडबुडे दिसतात. क्लिपा घट्ट केल्या, फरक नाही.

भाऊ, आधी काय बदलू, जाड वायर की टाकीकडून पाणी ओढणारा सक्शन पाइप (आत तार असलेला, चपटा न होणारा)? की चालू-बंद होणं म्हणजे प्रेशर स्विचचाच (दाब वाढला की पंप बंद करणारा) दोष? तो स्क्रूने थोडा फिरवता येतो, पण माहिती नसताना हात लावायची भीती वाटते. सोमवारी मोठं काम आहे, सोबतच्या दोन पोरांची मजुरी त्यावरच आहे. कोणी असा पंप दुरुस्त केला असेल तर नक्की सांगा.