मदत हवी आहे: जेम्स वेबच्या चित्रात एकाच दीर्घिकेचा रंग अ‍ॅपर्चरगणिक बदलतोय

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय, नोकरी ऐरोलीला, राहायला ठाण्यात कासारवडवलीला. गच्चीवर सहा इंची दुर्बीण आहे, पण मेट्रोच्या कामाचे दिवे आणि समोरचे टॉवर यांच्यातून चंद्र, गुरू, शनी दिसले तरी खूप. पावसाळ्यात तेही नाही. म्हणून जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा फुकट मिळणारा डेटा उतरवून घरबसल्या मोजमाप शिकतेय.

वेबच्या सीअर्स सर्वेक्षणाचे मोझेक (अनेक चित्रं जोडून केलेली मोठी चित्रं) घेतलेत, सप्तर्षी आणि भूतप यांच्या हद्दीजवळचा ग्रोथ पट्टा नावाचा आभाळाचा तुकडा. पिक्सेल ०.०३ आर्कसेकंदाचा, किंमत मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन (जान्स्की हे प्रकाश मोजायचं एकक). रूपांतरात घोळ नाही: एक एकक म्हणजे पिक्सेलमागे २१.१५ नॅनोजान्स्की, मॅग्निट्यूड (तेजाची मोजपट्टी, आकडा मोठा तितकं तेज कमी) काढायचा झीरोपॉइंट २८.०९. मोठ्या, तेजस्वी दीर्घिका प्रसिद्ध यादीशी नीट जुळतात.

अडलंय एका ठिपक्यावर. एफ११५डब्ल्यू या फिल्टरमध्ये (नावातला आकडा तरंगलांबीचा, ११५ म्हणजे १.१५ मायक्रॉन) तो दिसतच नाही, एफ१५०डब्ल्यूपासून पुढे सगळीकडे स्पष्ट. पण त्याचा १५० वजा ४४४ हा रंग (दोन फिल्टरांतल्या मॅग्निट्यूडचा फरक) ०.२ आर्कसेकंद व्यासाच्या मोजायच्या वर्तुळात, म्हणजे अ‍ॅपर्चरमध्ये एक येतो आणि ०.६ च्या अ‍ॅपर्चरमध्ये दुसरा, फरक जवळपास ०.३ मॅग्निट्यूडचा. लहान अ‍ॅपर्चरमध्ये ठिपका जास्त निळा दिसतो. फोट्युटिल्स हे मोजमापाचं पायथन पॅकेज मात्र त्रुटी इतकी बारीक देतं की हा फरक खराच मानावा लागेल. कुठला रंग धरू? आणि यावरून रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला, म्हणजे दीर्घिका किती दूर), वस्तुमान, आकार यातलं काय काय काढता येईल? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, हेही लक्षात घ्या.

रेवती_नक्षत्र

ताई, दोन्ही रंग सोडा. आधी सगळी चित्रं सारखी पुसट करून घ्या.

वेबचा आरसा ६.५ मीटरचा. तरंगलांबी वाढली की त्याच आरशातून बिंदू जास्त पसरतो. एफ१५०डब्ल्यूमध्ये ताऱ्याच्या ठिपक्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.०५ आर्कसेकंद, एफ४४४डब्ल्यूमध्ये ०.१४५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या ०.२ च्या वर्तुळात १५० चा बराचसा प्रकाश मावतो आणि ४४४ चा मोठा भाग बाहेर सांडतो. लाल प्रकाश बाहेर राहिला तर ठिपका निळाच दिसणार. दीर्घिकेचा त्यात काही दोष नाही.

मोझेकमधले संपृक्त न झालेले, एकटे तारे निवडा, केंद्र जुळवून प्रत्येक फिल्टरसाठी त्यांची बेरीज करा. तो तुमचा पीएसएफ, म्हणजे बिंदू चित्रात कसा पसरतो त्याचा नमुना. मॉडेलचे पीएसएफ एसटीपीएसएफ नावाच्या पायथन पॅकेजातून मिळतात, पण मोझेक करताना चित्रं फिरवून, पसरवून बसवलेली असतात, त्यामुळे खऱ्या ताऱ्यांवरून केलेला जास्त भरवशाचा. मग प्रत्येक फिल्टर एफ४४४डब्ल्यूइतका पुसट करणारं कर्नल (पुसट करायचा गणिती साचा) काढायचं. जमलं की नाही ते ताऱ्यावर तपासा: केंद्रापासून बाहेर जाताना दोन्हींचा प्रकाश सारख्या वेगाने वाढला पाहिजे. माझं पहिलं कर्नल षटकोनी आरशांच्या त्या सहा काट्यांपाशी उणे किमती द्यायचं, कडा थोड्या दाबल्यावर सुधारलं.

रंग ०.३ च्या अ‍ॅपर्चरमध्ये घ्या आणि एकूण प्रकाशासाठी एफ४४४डब्ल्यूच्या क्रॉन (दीर्घिकेच्या पसाऱ्याप्रमाणे आकार ठरणाऱ्या) अ‍ॅपर्चरने सगळ्या फिल्टरना एकाच गुणकाने वाढवा. आकार मात्र पुसट केलेल्या चित्रावर मोजू नका. त्यासाठी मूळ एफ२००डब्ल्यू घ्या, सर्सिक प्रोफाइल (केंद्रापासून बाहेर तेज कसं घटतं त्याचं सूत्र) बसवा आणि पीएसएफ प्रोग्रॅमला वेगळा पुरवा, तो आतल्या आत धुरकटपणा वजा करतो. एवढ्या लहान ठिपक्याला सर्सिक निर्देशांक कितीही येऊ शकतो, त्यावर जीव टाकू नका. त्रिज्या निदान अर्थाची असते.

रॅमचं म्हणाल तर अख्खं मोझेक उघडायचंच नाही. मेममॅप (फाइल डिस्कवरूनच लागेल तेवढी वाचणं) चालू ठेवून हवे तेवढे तुकडे कापा.

ऐरोलीकर

रेवतीताईंशी सहमत. मला त्रुटीबद्दल बोलायचंय, कारण पुढचं सगळं तिथेच घसरतं.

ड्रिझल केलेल्या, म्हणजे अनेक चित्रांचे पिक्सेल नव्या जाळीवर वाटून बनवलेल्या, मोझेकमध्ये शेजारचे पिक्सेल एकमेकांचा नॉइज वाटून घेतात. प्रोग्रॅम धरून चालतो की प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र आहे, आणि पिक्सेलच्या संख्येच्या वर्गमुळाने त्रुटी वाढवतो. प्रत्यक्षात ती त्याहून वेगाने वाढते. तुमची त्रुटी बारीक दिसते ती यामुळे. पीएसएफ जुळवण्यासाठी पुसट केल्यावर तर हा घोळ आणखी वाढतो.

सेगमेंटेशन मॅपवरून (कुठला पिक्सेल कुठल्या दीर्घिकेचा ते सांगणारा नकाशा) सगळ्या दीर्घिका झाकून टाका. उरलेल्या रिकाम्या आभाळात तुमच्याच आकाराची शेकडो वर्तुळं टाका आणि प्रत्येकातली बेरीज घ्या. त्या बेरजा शून्याभोवती किती पसरतात तीच खरी त्रुटी. साधं प्रमाण विचलन न घेता मध्यकावरून काढा, नाहीतर झाकायची राहिलेली एखादी अंधुक दीर्घिका आकडा फुगवते. वर्तुळं ठिपक्याच्या जवळपास घ्या, मोझेकची खोली सगळीकडे सारखी नसते.

एफ११५डब्ल्यूची बेरीज उणे आली तर ती तशीच ठेवा, त्रुटीसकट. मॅग्निट्यूड काढायला जाल तर उणे संख्येचा लॉग मागत बसाल, आणि तिथे ९९ भरून ठेवायची जुनी सवय फिटिंगची वाट लावते. ईझीसारखे रेडशिफ्ट काढणारे प्रोग्रॅम फ्लक्सच, म्हणजे थेट प्रकाशाचा आकडाच, मागतात.

कोपरीचा_पूल

ताई, कागदावरचं गणित आधी करून बघा. लायमन अल्फाच्या खालचा, म्हणजे १२१६ अँगस्ट्रॉमच्या (०.१२१६ मायक्रॉनच्या) अलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खातो. एफ११५डब्ल्यू साधारण १.२८ मायक्रॉनपर्यंत बघतो. तो पूर्ण कोरा असेल तर १ अधिक झेड किमान १०.५ यायला हवा, म्हणजे रेडशिफ्ट ९.५ च्या वर. एफ१५०डब्ल्यू १.६७ पर्यंत जातो आणि त्यात ठिपका ठसठशीत आहे, म्हणजे वर १२ च्या फार पुढे नाही.

हे सगळं तो कोरेपणा लायमन ब्रेकचाच, म्हणजे हायड्रोजनने प्रकाश खाल्ल्याचाच, असेल तर. याच पट्ट्यातलं उदाहरण आहे. सीअर्स-९३३१६ ही २०२२ मध्ये रेडशिफ्ट १६ ची उमेदवार म्हणून गाजली. २०२३ मध्ये वर्णपट आला तेव्हा ४.९ निघाली. धूळ आणि तगड्या उत्सर्जन रेषांनी नेमक्या त्याच फिल्टरमध्ये भर घालून ब्रेकचं सोंग वठवलं होतं. तिथलीच मेझीची दीर्घिका मात्र वर्णपटात ११.४ वर टिकली. नुसत्या चित्रांवरून दोघींचाही दावा जोरदार होता.

म्हणून हबलची एफ६०६डब्ल्यू आणि एफ८१४डब्ल्यू चित्रं घ्या, या पट्ट्याची उपलब्ध आहेत. रेडशिफ्ट १० खरा असेल तर तिथे काहीही दिसता कामा नये.

वस्तुमानाचा नाद सध्या सोडा, माझं स्पष्ट मत. ४.४४ भागिले ११ म्हणजे ०.४ मायक्रॉन. तुमचा सगळ्यात लाल फिल्टरसुद्धा त्या दीर्घिकेचा जेमतेम जांभळा प्रकाश बघतोय. तो ताज्या, तापलेल्या ताऱ्यांचा. वस्तुमान जुन्या ताऱ्यांत असतं आणि ते इथे दिसतच नाहीत. प्रोग्रॅम आकडा देईल, पण तो तुम्ही तारानिर्मितीचा जो इतिहास गृहीत धराल त्याप्रमाणे हलेल.

खोडद_वाला

थोडं अवांतर: पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांची २०२५ ची अलकनंदा बघितलीत का? रेडशिफ्ट ४ ची सर्पिल दीर्घिका, एबेल २७४४ या समूहाच्या दिशेने. तिथे रुंद फिल्टरांसोबत मध्यम रुंदीचेही होते, शिवाय रेडशिफ्ट ४ ला एफ४४४डब्ल्यू ०.९ मायक्रॉन बघतो. वस्तुमान काढायला शिकायचं तर अशी दीर्घिका घ्या. तुमचा ठिपका पहिल्याच वर्गाला जरा अवघड आहे.

घोडबंदरी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बसून कर्नल केली. आता ०.२ काय नि ०.६ काय, रंग त्रुटीच्या आत जुळतोय. ऐरोलीकर, रिकाम्या वर्तुळांवरून त्रुटी आधीच्या दुपटीहून जास्त आली.

हबलच्या एफ६०६डब्ल्यूमध्ये काही नाही. एफ८१४डब्ल्यूमध्ये मात्र ठिपक्याच्या वरच्या बाजूला, अर्ध्या आर्कसेकंदावर, किंचित काहीतरी आहे. ०.६ चं वर्तुळ त्याला निसटतं शिवतंय. खेळ संपला का?

कोपरीचा_पूल

लगेच नाही. दोन्ही चित्रं गाया यादीतल्या (ताऱ्यांच्या अचूक जागांची यादी) त्याच ताऱ्यांवर बसवलीत का ते आधी बघा. जुन्या हबल मोझेकमध्ये कधी कधी सरक असते. ताऱ्यांची केंद्रं जुळत असतील तर अर्धा आर्कसेकंद खूप झाला, तो शेजारी. एफ२००डब्ल्यूमध्ये त्याच जागी काही आहे का पाहा. असेल तर दोघांना एकत्र मॉडेल करा, शेजाऱ्याचा प्रकाश वजा करा, आणि मग ०.३ च्या वर्तुळात एफ८१४डब्ल्यू परत मोजा. हबलचा पीएसएफ ४४४ पेक्षा अरुंद आहे, त्यामुळे तोही जुळवता येईल.

घोडबंदरी

एफ२००डब्ल्यूमध्ये त्या जागी लांबट काहीतरी आहे खरं. दोघांचं एकत्र फिटिंग रात्री लावून ठेवते, आकडे इथेच टाकेन. तोवर ईझीला कुठले टेम्प्लेट (तुलनेचे नमुना वर्णपट) द्यायचे ते कुणी सांगेल का?