जखम, उपचार आणि मृत्यू यांची साखळी
उपचारात हयगय झाली की हल्लेखोर खुनातून सुटतो, असा दावा केला जातो. तसं सरसकट होत नाही. भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम २९९ चं दुसरं स्पष्टीकरण (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १००) सांगतं की जखमेनेच मृत्यू आला असेल, तर योग्य उपचारांनी तो टळला असता ही सबब चालत नाही. मला हे रास्तच वाटतं. मात्र मृत्यू त्या जखमेनेच झाला हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. मोती सिंग या आरोपीच्या खटल्यात जखमी माणूस रुग्णालयातून बाहेर पडला होता, १ मार्च १९६० ला वारला आणि शवविच्छेदनाविनाच दहन झालं. मृत्यूचं कारणच सिद्ध नाही, म्हणून त्या जखमीचा जबाबही मृत्युपूर्व जबानी (मरणाऱ्याने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल दिलेला, पुरावा म्हणून चालणारा जबाब) ठरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तेव्हा घरच्यांनो, जखमी माणूस काही दिवसांनी गेला तरी शवविच्छेदन टाळू नका.