चिडचिड कोणी सांगायची?

‘चिडक्या माणसाला आपण चिडके आहोत हे कुठे कळतं? मग त्यालाच प्रश्नावली भरायला देऊन काय हाती लागणार?’ ही शंका रास्त आहे. पण तेवढ्यावरून प्रश्नावली निकालात काढणं मला मुळीच पटत नाही.

२०१२ साली संशोधक स्ट्रिंगारिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ‘अफेक्टिव्ह रिॲक्टिव्हिटी इंडेक्स’ ही मुलांची चिडचिड मोजणारी प्रश्नावली बघा. विधानं सातच. पटकन वैतागतो का, राग बराच वेळ टिकतो का, अशी. प्रत्येकाला ० ते २ गुण. बेरीज पहिल्या सहांचीच, म्हणजे जास्तीत जास्त १२. सातवं विधान वेगळं ठेवलंय: या चिडचिडीमुळे मला अडचणी येतात का? मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. या प्रश्नावलीची एक प्रत मुलाने भरायची असते, एक पालकाने, आणि दोघांची उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत. आदळलेलं दार आईला दिसतं. पण दिवसभर दात आवळून गप्प बसलेल्या मुलाची आतली धग फक्त त्यालाच ठाऊक असते. मग त्याला न विचारून कसं चालेल?

खरी अडचण मला काळाची वाटते. ही प्रश्नावली मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते. काल रात्री झोप झाली नसेल, तर सहाही महिने वैतागात गेल्यासारखे वाटतात. म्हणून दिवसातून तीन-चारदा फोनवर ‘आत्ता कसं वाटतंय?’ एवढंच विचारण्याची पद्धत जोडीला हवीच.

आणि अशा प्रश्नावलीचं भाषांतर करणाऱ्यांनी कृपया ‘राग’ आणि ‘चिडचिड’ एकच धरू नये.