मदत हवी आहे: जिनची मोटर सुरू झाली की काट्याच्या पीसीवर निळी स्क्रीन

धरणगावकडच्या एका जिनिंगमधला भुईकाट्याचा पीसी माझ्या गळ्यात पडलाय. विंडोज १०, ८ जीबी रॅम. काट्याच्या डिस्प्लेतून सिरीयल वायर येते, पीसीला तो पोर्ट बाहेर नाही, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरीयल केबल. दिवसातून तीन-चारदा निळी स्क्रीन: 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. काट्यावर कापसाची भरलेली गाडी, मागे रस्त्यापर्यंत लाईन, आणि मी टक्केवारी मोजत बसलेलो. गाडीवाला खिडकीतून डोकावतो, "काय व्हयनं भाऊ?" आता ड्रायव्हरला ड्रायव्हरचं काय सांगू!

शेठजींचं एकच, "नवीन विंडोज मार." दोनदा मारलं. रॅम काढून खोडरबराने पुसली, रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, एकही एरर नाही. यूपीएस आहे.

शेवटी मिनीडम्प फाईली (पीसी पडताना विंडोज ठेवते त्या नोंदी) घरी आणून विनडीबीजीत, म्हणजे त्या वाचायच्या टूलमध्ये, उघडल्या. '!अ‍ॅनालाइझ -व्ही' या कमांडचं उत्तर केबलच्या ड्रायव्हरचं (ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव घेतंय. चार आकडे दिसतात: २८, २, ०, आणि एक लांबलचक पत्ता. पुढे काय करायचं? जिनची मोठी मोटर सुरू होताना लाईट मंद होतो, बहुतेकदा तेव्हाच पडतं. मग दोष पॉवरचा की ड्रायव्हरचा?

प्रतिसाद:
दोघांचा, पण पॉवर फक्त निमित्त. पहिला आकडा म्हणजे ज्या पत्त्याला हात लावला तो. हेक्समधले (१६च्या पायावर मोजलेले) २८ म्हणजे ४०, जवळजवळ शून्यच. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा) नल, म्हणजे रिकामा होता आणि ड्रायव्हर त्याच्यापुढचं फील्ड घ्यायला गेला. ० म्हणजे वाचताना. २ म्हणजे डिस्पॅच लेव्हल, जिथे मध्ये थांबायची मुभा नसते. तिथे पेज फॉल्ट झाला (हवी ती मेमरी जागेवर नसली) तर विंडोजला थांबून मेमरी आणता येत नाही, ती सरळ बसते.

माझा अंदाज: धक्क्याने केबल क्षणभर यूएसबीवरून गळते, ड्रायव्हर आवराआवर करतो, पण आधी मागवलेलं वाचन रद्द करायचं विसरतो. ते उशिरा परत येतं तेव्हा घर रिकामं.

मात्र एका डम्पवर विसंबू नकोस, नाव भलत्याचंही येतं. चौथ्या आकड्यातल्या पत्त्यातून ड्रायव्हरचा बेस (तो मेमरीत जिथे सुरू होतो तो पत्ता) वजा कर, उरतो तो ऑफसेट. पत्ता दर बूटला बदलेल, पण ऑफसेट सगळीकडे तोच आला तर चोर सापडला. दर वेळी वेगळंच काही आलं तर रॅमवर परत संशय घे. मग व्हेरिफायर (ड्रायव्हरला ताण देऊन चूक पकडणारं विंडोजचं टूल) लाव, फक्त त्या एका ड्रायव्हरला, सगळ्यांना नाही, आणि काट्याचं सॉफ्टवेअर चालू असताना केबल ओढून बघ. पीसी सुरूच होईना तर सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर /रीसेट'. हे काटा बंद झाल्यावरच कर, नाहीतर लाईनीतले तुलाच काट्यावर चढवतील.

धागाकर्ता:
पाचही डम्पमध्ये ऑफसेट एकच! रात्री व्हेरिफायर लावून केबल ओढली, दुसऱ्याच झटक्याला निळी. मोटर बंद होती, शेठजी शेजारी उभे होते. नवीन विंडोजचा विषय तिथेच मिटला.

कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवर 'कॉम' लिहिलेल्या नऊ पिना धूळ खात होत्या. जळगावहून त्या पिनांना लावायची सिरीयल पोर्टची पट्टी मागवून वायर तिथे जोडली, आता विंडोजचाच सिरीयल ड्रायव्हर चालतो. चार दिवस एकदाही पडला नाही. दुसऱ्या गेटच्या पीसीला मात्र त्या पिना नाहीत. तिथे पीसीआय एक्सप्रेसचं सिरीयल कार्ड बसवू, की केबलच आयसोलेटरवाली (दोन्ही टोकं विजेने वेगळी ठेवणारी) घेऊ? कोणी वापरलीय का?