झोपेत कान बंद होत नाहीत
'झोपेत कान बंद होतात' असं एकाने लिहिलंय. पटलं नाही भाऊ. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, शेतीची लाइन, म्हणजे वीज, बऱ्याचदा रात्रीच असते. हरभऱ्याला पाणी सोडून बाबा शेतातच झोपतात. मोटर रात्रभर घुरघुरते, त्यांना पत्ता नसतो. पण लाइन गेली, मोटर थांबली की ताडकन उठून बसतात! आवाज बंद झाला म्हणून जाग, ही गंमतच आहे.

कान चालूच असतात. एकसुरी आवाजाकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करतो, बदल झाला की सावध होतो. १९६० मध्ये ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्राइझमन या संशोधकांनी झोपलेल्यांना नावं ऐकवली, तर स्वतःच्या नावाला मेंदूच्या लहरी जास्त उसळल्या. म्हणजे छाननी झोपेतही सुरूच.

जागलीत, म्हणजे रात्री पीक राखताना, आवाजाच्या दिशेचं कोडं वेगळंच. रानडुक्कर डावीकडे खसफसलं, तर आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मेंदूला तेवढा पुरतो. समोरून की मागून, इथे मात्र माझी हमखास फसगत होते. मग बॅटरी चारी बाजूंनी फिरवत बसायचं.