बोअरच्या चढाओढीचं नेटलोगो मॉडेल: चौथ्याच वर्षी अख्ख्या गावात बोअर, चुकतंय कुठं?

मांजराकाठ:
एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी औसा तालुक्यातल्या एका गावाचं मॉडेल करतेय. नेटलोगो म्हणजे एकेकाला नियम देऊन संगणकावर गाव चालवून बघायचं सॉफ्टवेअर; त्याचं मूळ मैदान तसंच ठेवलंय, ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौकोन. एक चौकोन एक एकर, एक टिक एक वर्ष, शेतकरी २४०. नियम एकच: बांधशेजाऱ्यांपैकी कुणाकडं बोअर असेल तर आपणही पाडायचा. सुरुवातीला ५ जणांकडं बोअर. कितीदाही चालवा, चौथ्या टिकपर्यंत २४० च्या २४० जणांकडं बोअर. खऱ्या गावात लोक वर्षानुवर्षं दम धरतात आणि मग एखाद्या उन्हाळ्यात गाडीवर गाडी येते. सर्वेक्षणात सरासरी "तीन शेजाऱ्यांनी पाडला की आम्ही पाडतो" अशी आली. नियमात १ च्या जागी ३ घातले तर एकही नवा बोअर होत नाही. काय बदलू?

गट_नंबर_११४:
ताई, दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली कोडमधली. 'आस्क' ही आज्ञा सगळ्यांना एकाच वेळी विचारत नाही, यादृच्छिक क्रमानं एकेकाला उठवते. पहिल्यानं बोअर पाडला की त्याच टिकमध्ये नंतर उठलेल्या शेजाऱ्याला तो दिसतो, त्याचा पुढच्याला. एका वर्षात लाट अर्धं शिवार पार करते. आस्कचे दोन भाग करा. पहिल्यात प्रत्येकानं फक्त ठरवायचं, 'पाडणार' अशा चलात हो किंवा नाही लिहून ठेवायचं. सगळ्यांचं ठरल्यावर दुसऱ्या आस्कमध्ये पाडायचा.

दुसरी चूक सरासरीची, आणि ती जास्त महत्त्वाची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दाखवलेलं उदाहरण घ्या. १०० माणसं, पहिला कुणाचीही वाट न बघता उठतो, दुसऱ्याला १ माणूस उठलेला लागतो, तिसऱ्याला २, असं शेवटच्याला ९९. सगळे १०० उठतात. आता फक्त दुसऱ्याचा उंबरठा, म्हणजे त्याला आधी उठलेली लागणारी माणसं, १ ची २ करा. पहिला उठतो आणि तिथंच थांबतं. सरासरी ४९.५० ची ४९.५१ झाली, एवढाच फरक. म्हणून "तीन" हा आकडा टाकून द्या. ज्यानं जे उत्तर दिलं ते त्याच्याच खात्यात घाला, किंवा उत्तरांच्या वाटणीतून २४० उंबरठे उचला. कुणाचीच वाट न बघणारे किती आणि त्यांची शेतं कुठं, यावर पुढचं सगळं ठरतं.

काळा_पाषाण:
नियमात पाणीच नाही, ते आधी आणा. प्रत्येक बोअरला पाणी लागतं असं धरलंय, आपल्या बेसॉल्टमध्ये तसं होत नाही. पाणी भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. शंभर फुटांवर एकाला दोन इंची, दुसऱ्याचा नुसता फुफाटा. 'डिफ्यूज' वापरून पाणी सगळीकडं सारखं पसरवू नका, काळ्या पाषाणाची जमीन गाळाची होऊन जाते. १०-१५ चौकोनांचे वेडेवाकडे कप्पे करा, कप्प्यात पाणी सामायिक, कप्प्याबाहेर जवळजवळ नाही. मग शेजाऱ्याच्या मोटारीनं आपली विहीर उतरते हे आपोआप दिसेल, आणि लोक खरं तर त्यालाच घाबरून बोअर पाडतात.

हिशेब असा मांडा. समजा पाऊस ७०० मिमी आणि त्यातला ८ टक्के मुरला, म्हणजे ५६ मिमी. खडकाची पाणी धरायची जागा २ टक्के धरली तर पातळी २.८ मीटर चढते. तुमच्या १०८९ एकरांवर मुरलेलं हे सगळं पाणी, विहिरीतून १५०० मिमी पाणी घेणाऱ्या ४० एकर उसात संपतं. चाळीसच एकर! ऊस आणि सोयाबीन वेगळे धरल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पावसाची सरासरीही नको. २०१२ कमी पावसाचं, मग २०१४ आणि २०१५ लागोपाठ, २०१६ ला चांगला पाऊस, हा क्रम जसाच्या तसा घाला. लागोपाठच्या दुसऱ्या वर्षी दम सुटतो, एकट्या वर्षानं नाही.

मांजराकाठ:
सर, दोन्ही केलं. आता लाट उशिरा येते, पण १५ व्या टिकला कधी ६० बोअर, कधी २१०. प्रबंधात कुठला आकडा लिहू?

गट_नंबर_११४:
एकही नाही. बिहेवियरस्पेसमधून (नेटलोगोतली मॉडेल पुन्हापुन्हा चालवायची सोय) वेगवेगळ्या बीजांनी, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलून, निदान १०० फेऱ्या चालवा आणि स्तंभालेख काढा. दोन उंचवटे दिसले, एक ६० जवळ, एक २१० जवळ, तर सरासरी १३५ लिहिणं खोटं ठरेल. तसं गाव तुमच्या मॉडेलमध्ये जवळपास नाहीच. कुठल्या फेऱ्या वर गेल्या ते शोधा. बहुधा सुरुवातीचे पाच बोअर एकाच कप्प्याजवळ होते की विखुरलेले, हे निघेल.

आणि सेटिंगमध्ये मैदानाच्या कडा जोडणाऱ्या दोन्ही खुणा काढा. मूळ मांडणीत पूर्वेची शिव पश्चिमेला चिकटलेली असते.

शिवारफेरी:
सर्वेक्षणाचा प्रश्नच बदला, ताई. "किती जणांनी पाडला की पाडाल?" याला माणूस तोंडाला येईल ते सांगतो. त्याऐवजी विचारा: बोअर कोणत्या महिन्यात पाडला, किती फूट, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाईप) किती, पाणी कितीवर लागलं, आणि त्या दिवशी बांधाला लागून कुणाकुणाचे होते. फेल गेलेले वेगळे विचारा, ते कुणी आपणहून सांगत नाही. ते सुटले तर मॉडेलमधल्या शेतकऱ्याला बोअर हा हमखास धंदा वाटेल. सातबाऱ्यावर सगळे बोअर सापडत नाहीत. बोअरगाडीवाल्याच्या वहीत तारीख आणि फूट दोन्ही असतात, कारण त्यावरच बिल होतं. केसिंगचे फूट म्हणजे वरची माती-मुरूम किती खोल, तेही कप्प्यांसाठी कामी येतं.

शेजारीही दोन तऱ्हेचे धरा: बांधाचे आणि भावकीचे. बांधशेजाऱ्याचं पाणी डोळ्यांनी दिसतं. भावकीतल्याचं कर्ज कळतं.

काळा_पाषाण:
पडताळणीसाठी बोअरची संख्या वापरू नका, ती जुळवतच तुम्ही उंबरठे बसवलेत. २०१३ पर्यंतच्या माहितीवर मॉडेल बसवा, २०१४ ते २०१६ लपवून ठेवा. मग न वापरलेली गोष्ट जुळते का बघा, म्हणजे बोअरची खोली दरवर्षी किती वाढली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. जवळच्या विहिरीची मे महिन्याची पातळी घ्या आणि कप्प्यातल्या पातळीच्या शेजारी ठेवा.