खुब्याचा स्नायू ताणला गेल्यास मालिश कधी आणि कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. गेल्या रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीच्या पायवाटेने उतरताना मुरमावरून माझा उजवा पाय घसरला. मी पडले नाही, पण तोल सावरताना सगळा भार डाव्या पायावर आला आणि डाव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला जोरात चमक निघाली. सूज किंवा काळेनिळेपणा नाही, चालताही येते. मात्र जिना चढताना आणि रात्री डाव्या कुशीवर वळल्यावर कळ येते. सासूबाईंचे म्हणणे आहे की माझ्या बाळंतपणात मालिश करायला येणाऱ्या मावशींना बोलवून तेल लावून चांगले रगडून घ्यावे. मावशींच्या हाताला गुण आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ताणलेल्या स्नायूला इतका जोर सोसतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझे वय ४४ आहे, मधुमेह किंवा रक्तदाब नाही.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही तुमच्या वर्णनावरून काही गोष्टी सांगता येतील.

स्नायू ताणला जातो तेव्हा त्याचे काही तंतू तुटलेले असतात आणि पहिले दोन-तीन दिवस आत थोडा रक्तस्राव व सूज असते. त्या काळात रगडल्यास रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तेव्हा मालिश नकोच. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि सोसेल तेवढे चालत राहावे. तुमचा तो काळ आता सरला आहे, त्यामुळे हलकी मालिश करायला हरकत नाही. मालिशीने दुखणे कमी जाणवते, आखडलेला भाग सैल होतो आणि झोप बरी लागते, हा फायदा खरा आहे. पण तुटलेले तंतू मालिशीने सांधले जात नाहीत. ते शरीर स्वतः सांधते, आणि स्नायूला पुन्हा बळ येते ते हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने.

तुम्ही सांगितलेल्या जागी ग्लुटियस मीडियस हा स्नायू असतो. एका पायावर उभे राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणे हे त्याचे काम असल्याने जिना चढताना तो दुखतो. मात्र त्या कुशीवर झोपल्यावर दुखते, हे वाचून मला थोडी काळजी वाटली, कारण चाळिशीनंतर स्त्रियांमध्ये या स्नायूचा कंडरा, जिथे तो मांडीच्या हाडाला चिकटतो तिथेच, दुखावलेला असणे बरेच आढळते. कंडऱ्याला दाब सोसत नाही. म्हणून खुब्याच्या बाजूला हाताला लागणारा हाडाचा उंचवटा मुळीच दाबू किंवा रगडू नये.

उजव्या कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा. कमरेच्या हाडाची वरची कड आणि तो उंचवटा या दोहोंच्या मधला मांसल पट्टा, एवढीच मालिशीची जागा. तिथे आधी तळहाताने आणि मग अंगठ्याने सावकाश, आठ-दहा मिनिटे दाब द्यावा. दुखणे दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखले, तर जोर अधिक झाला असे समजून कमी करावा.

व्यायाम आजपासूनच सुरू करता येईल. उताणे झोपून गुडघे वाकवा, त्यांभोवती ओढणी बांधा आणि पाय न हलवता गुडघे बाहेर ढकलल्यासारखा हलका जोर ३० सेकंद लावा. असे पाच वेळा करा. मांडीवर मांडी टाकून बसणे आणि उभे असताना एकाच पायावर रेलणे काही आठवडे टाळा.

प्रतिसाद २

मावशींना जरूर बोलवा, पण कुठे हात लावायचा नाही हे आधी त्यांना बोटाने दाखवून द्या. बाळंतिणीची कंबर रगडण्याची सवय असलेला हात आपसूकच हाडापर्यंत जातो. तेल तिळाचे असो वा खोबऱ्याचे, त्याने हात सहज फिरतो आणि कातडी ओढली जात नाही. कोमट केल्यास बरेही वाटते. महागड्या तेलामागे धावण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घरात टेनिसचा चेंडू आहे, त्याने स्वतः मालिश करता येईल का? शिवाय सासूबाईंना स्वतःलाही कधीकधी खुब्यात दुखते. त्यांच्यासाठी हेच चालेल का?

प्रतिसाद १

चेंडू वापरता येईल, पण जमिनीवर झोपून नव्हे, कारण तेव्हा अंगाचा बराच भार त्यावर येतो. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा, चेंडू त्याच मांसल पट्ट्यावर धरा आणि अंग किती रेलायचे ते स्वतः ठरवा. चेंडू मागे नितंबाच्या मधोमध सरकू देऊ नका. तिथल्या खोलवरच्या स्नायूखालून सायटिक नस जाते. पायात मुंग्या आल्या किंवा वीज गेल्यासारखे वाटले, तर चेंडू लगेच काढा.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र तपासणी आधी, मालिश नंतर. त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर खोल मालिशीने आत रक्त साकळू शकते. वयस्कर माणसाला किरकोळ पडल्यानंतरही पायावर भार देता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी चोळाचोळ न करता आधी एक्स-रे काढावा. दुखणे बाजूला नसून जांघेत असेल, तर ते बहुधा स्नायूचे नसून सांध्याचे असते आणि तिथे वरून केलेली मालिश पोहोचत नाही. त्यांना चालताना आधार हवा असेल, तर काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायला सांगा. त्याने दुखऱ्या खुब्यावरचा भार कमी होतो.